कोर्टाची पायरी चढायला लावणारा कायदा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. पंधराव्या शतकातल्या जर्मन प्रदेशात मात्र चढायला पायरीच नव्हती. शेजारच्या सरदाराने तुमचे कुरण बळकावले, तर हाती एकच उपाय राहायचा. त्याला रीतसर पत्र पाठवायचे, तीन दिवस थांबायचे आणि मग त्याच्या प्रदेशावर तुटून पडायचे. या प्रकाराला जर्मन भाषेत ‘फेडे’ म्हणत. आपल्या ‘फेडणे’शी त्याचा काही संबंध नाही, तरी अर्थ कानाला ओळखीचा वाटतो.

फेडे म्हणजे गुंडगिरी नव्हे, तो मान्यताप्राप्त हक्क होता, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय १४९५ मध्ये झालेल्या सुधारणांचे मोल कळत नाही. पूर्वसूचना देऊन, ठरलेले नियम पाळून पुकारलेले वैर कायदेशीर मानले जाई. झळ मात्र सरदारांपेक्षा त्यांच्या कुळांनाच जास्त बसायची. प्रतिस्पर्ध्याचा किल्ला घेणे अवघड, त्याच्या शेतकऱ्यांची गुरे हाकून नेणे आणि घरे जाळणे सोपे.

हे सारे चालले होते पवित्र रोमन साम्राज्यात. शेकडो लहानमोठी राज्ये, बिशपांच्या जहागिऱ्या आणि स्वतंत्र शहरे यांची ही मोट होती. १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’ने राजा निवडण्याचा अधिकार सात जणांना दिला होता, पण निवडलेल्या राजाने राज्य चालवायचे कसे, हा प्रश्न उरलाच. तिसरा फ्रेडरिक १४४४ ते १४७१ अशी तब्बल २७ वर्षे आपल्या ऑस्ट्रियातल्या मुलखाबाहेर पडून साम्राज्याच्या अंतर्भागात फिरकलाच नाही. राजाचे न्यायालय राजासोबत फिरणारे. राजा दूर, तर न्यायही दूर.

१४९५ च्या वसंतात त्याचा मुलगा मॅक्सिमिलियन याने वोर्म्स शहरात राजसभा बोलावली, ती पैशांसाठी. फ्रान्सचा राजा इटलीत घुसून नेपल्सपर्यंत पोचला होता, तुर्कांची धास्ती होतीच. माइंत्सचा आर्चबिशप बेर्टोल्ड फॉन हेनेबेर्ग याने ही नड ओळखली. पैसे हवेत तर आधी राज्यकारभार सुधारा, असा त्याचा आणि त्याच्या बाजूच्या राज्यकर्त्यांचा आग्रह होता. घासाघीस काही महिने चालली आणि ७ ऑगस्टला निर्णय झाले.

त्यातला पहिला निर्णय म्हणजे ‘शाश्वत शांतता’. यापूर्वीही शांततेची फर्माने निघत, पण मुदतीची. १४८६ चे फर्मान दहा वर्षांसाठी होते. मुदतीच्या शांततेत हक्क मरत नाही, तो फक्त झोपतो. १४९५ मध्ये हा हक्कच कायमचा रद्द झाला. जो शस्त्र उचलेल तो साम्राज्याच्या संरक्षणाबाहेर फेकला जाईल, असे ठरले.

पण नुसती बंदी कोण पाळणार? मी तलवार ठेवली आणि शेजाऱ्याने ठेवली नाही, तर मी बुडालो. म्हणून बंदीला जोडूनच साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय उभे राहिले, राइशकामरगेरिश्ट. ३१ ऑक्टोबर १४९५ रोजी मॅक्सिमिलियनने फ्रँकफर्टमध्ये मुख्य न्यायाधीशाच्या हाती न्यायदंड दिला. माझ्या मते सगळ्या सुधारणांतली ही सर्वांत खोल सुधारणा. न्यायालय आता राजाच्या मागे फिरणार नव्हते, ते एका शहरात बसणार होते. मुख्य न्यायाधीश राजा नेमणार, पण सोळा न्यायाधीशांच्या निवडीत राज्यांचा मोठा वाटा. त्यातले निम्मे कायद्याचे पंडित असलेच पाहिजेत, अशी अट होती. रोमन कायदा शिकलेल्या माणसांना एकदम मागणी आली आणि लेखी दावा, लेखी उत्तर, लेखी साक्ष ही पद्धत जर्मन प्रदेशात घट्ट रुजली.

राजाला युद्धासाठी पैसा हवा, न्यायाधीशांना पगार हवा, म्हणून ‘सामान्य पै’ नावाचा कर आला. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाने तो द्यायचा. गरिबांपैकी चोवीस जणांनी मिळून एक गुल्डन, श्रीमंतांनी मालमत्तेप्रमाणे अधिक. वसूल करणार कोण? गावोगावचे पाद्री, कारण साम्राज्याकडे स्वतःचे कारकूनच नव्हते. कर फसला. स्विस प्रदेशांनी तर करही नाकारला आणि न्यायालयही. १४९९ मध्ये त्यावरून युद्ध पेटले आणि ते प्रदेश साम्राज्याच्या पकडीतून जवळजवळ सुटले. राजाच्या बरोबरीने कारभार पाहणारी परिषद बेर्टोल्डने १५०० मध्ये मिळवली, ती दोन वर्षांत मोडली. १५०४ मध्ये तो वारला.

निकाल बजावणार कोण, ही अडचण सर्वांत हट्टी. १५०० मध्ये साम्राज्याचे सहा विभाग पाडले होते, १५१२ मध्ये ते दहा झाले. शांतता राखण्याचे आणि निकाल अमलात आणण्याचे काम हळूहळू या विभागांकडे आले, त्याची पक्की घडी बसायला १५५५ उजाडले. तोवर जुने सरदार ऐकत नव्हते. लोखंडी हाताचा ग्योट्झ फॉन बेर्लिशिंगन याने न्यूरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांना लुटले आणि १५१२ मध्ये तो साम्राज्यातून बहिष्कृत झाला. जबर दंड भरल्यावरच त्याची सुटका झाली.

न्यायालय पुढे दीर्घकाळ श्पायरमध्ये होते. तिथे खटले श्वास घेतात पण प्राण सोडत नाहीत, असे लॅटिन वचनच पडले. काही खटले पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले, हे खरे. तरी मला त्या दिरंगाईचा राग येत नाही. दावा चालू आहे तोवर कोणाचे गोठे जळत नाहीत. १५२५ चे शेतकरी युद्ध रक्तात बुडवले गेले, पण त्यानंतरच्या काळात गावेच्या गावे वर्गणी काढून आपल्याच जमीनदारावर दावे लावू लागली, वेठबिगारीवरून, जंगलातल्या लाकडांवरून.

७ ऑगस्ट १४९५ ला ठरलेली ही व्यवस्था ६ ऑगस्ट १८०६ रोजी सम्राटाने मुकुट उतरवला तेव्हा संपली, ३११ वर्षांना एक दिवस कमी. ७०,००० हून अधिक खटल्यांचे कागद उरले आणि पुढे जर्मन राज्यांनी ते वाटून घेतले. त्यांत पुरावा म्हणून चित्रकारांकडून काढून घेतलेले रंगीत नकाशेही आहेत: वादातला ओढा, पाणचक्की, हद्दीची झाडे, मागे चर्चचा मनोरा. काही गावांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्र हेच आहे.