सिरियल पोर्ट संघर्ष

सिरियल पोर्ट संघर्ष : जुन्या डेस्कटॉप संगणकात दोन साधने एकाच इंटरप्ट रेषेवर (आयआरक्यू, म्हणजे साधनाने प्रोसेसरला हाक मारण्याची तार) किंवा एकाच आय/ओ पत्त्यावर (प्रोसेसर साधनाला ज्या क्रमांकाने ओळखतो तो) आल्याने होणारा बिघाड. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या, आयसा बस (जोडकार्डे बसवण्याची जुनी पद्धत) असलेल्या यंत्रांत तो आढळतो. सिरियल पोर्ट म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणारी जोडणी; त्यांना कॉम १, कॉम २ अशी नावे असतात. नेहमीचे उदाहरण म्हणजे कॉम १ वर माऊस आणि कॉम ३ वर अंतर्गत मॉडेम (टेलिफोनवरून संपर्क साधणारे कार्ड) : मॉडेमने नंबर फिरवला की पडद्यावरचा बाण जागीच थिजतो, आणि माऊस हलवला की लाइन तुटते.

रूढ वाटपात कॉम १ चा पत्ता (षोडशमान) ३एफ८, कॉम २ चा २एफ८, कॉम ३ चा ३ई८ आणि कॉम ४ चा २ई८. पत्ते चार, रेषा मात्र दोनच. कॉम १ व ३ यांना आयआरक्यू ४, कॉम २ व ४ यांना आयआरक्यू ३. हे वाटप आयबीएमचेच, असे सर्रास सांगितले जाते. मूळ पीसीत मात्र मुख्य व दुय्यम असे दोनच अडॅप्टर धरलेले होते, आणि १९८७ च्या पीएस/२ मालिकेत आयबीएमने तिसऱ्या पोर्टाला ३२२० हा निराळाच पत्ता दिला. त्यामुळे ३ई८ व २ई८ ही कार्ड बनवणाऱ्यांनी पाडलेली रूढी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रेषांची टंचाई मात्र निर्विवाद आहे. पीसीतील इंटरप्ट हाताळणाऱ्या ८२५९ चिपला आठच रेषा. ० व १ मदरबोर्डवरच खर्ची पडत. उरलेल्यांपैकी ६ फ्लॉपीकडे, ७ प्रिंटरकडे आणि आयबीएमच्या एक्सटी संगणकात ५ हार्ड डिस्ककडे. १९८४ च्या एटी संगणकात दुसरी ८२५९ आली, पण तिच्या रेषा १६-बिट स्लॉटच्या वाढीव भागात होत्या आणि सिरियल कार्डे बहुधा ८-बिट. शिवाय आयसा बसवर इंटरप्ट संकेताच्या चढत्या कडेवरून ओळखला जातो. एका कार्डाने रेषा वर धरून ठेवली की दुसऱ्याची कड दिसतच नाही. दोन्ही पोर्ट एकदम उघडले नाहीत तर सहसा निभावते, कारण यूएआरटीची (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपची) आउट२ ही पिन बंद असताना कार्डाचा इंटरप्ट बसपर्यंत पोचत नाही. म्हणूनच हा दोष ‘कधीकधी’ दिसतो आणि शोधणाऱ्याला छळतो.

तपासणीत डॉसच्या डीबग या तपासणीच्या प्रोग्राममध्ये ‘डी ४०:०’ हा आदेश उपयोगी पडतो. पहिल्या आठ बाइटांत बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) सापडलेले पत्ते उलट बाइटक्रमाने असतात : एफ८ ०३ म्हणजे ३एफ८. येथे खबरदारी हवी. ३एफ८ वर काहीच नसेल तर बायॉस २एफ८ ला पहिल्या जागी बसवतो. डॉस त्याला कॉम १ म्हणते, आणि प्रोग्राम आयआरक्यू ४ ची वाट पाहत राहतो, जरी कार्ड आयआरक्यू ३ वर हाक मारत असले तरी. विंडोज ९५ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळे उद्गारचिन्ह पाहावे. पण जंपरची (पिनांवर टोपणे बसवून पत्ता व रेषा ठरवायची) कार्डे उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

उपाय सरळ आहे : बायॉस सेटअपमध्ये न वापरलेला कॉम २ बंद करावा आणि मॉडेमचे जंपर २एफ८, आयआरक्यू ३ वर लावावेत. आयआरक्यू ३ वर नेटवर्क कार्ड नाही ना, हे आधी पाहावे. ५ ही रेषा मोकळी असल्यास तीही चालते, मात्र सॉफ्टवेअरलाही तसे सांगावे लागते.

कॉम ४ ची अडचण वेगळी. ८५१४/ए व एस३ ग्राफिक्स कार्डे ४२ई८, ८२ई८ असे पत्ते वापरतात. पत्त्याचे खालचे दहाच बिट वाचणाऱ्या जुन्या सिरियल कार्डाला ते २ई८ च वाटतात. येथे आयआरक्यू बदलून भागत नाही, पत्ताच बदलावा लागतो.

वेग कमी केल्यावर अक्षरे गळायची थांबली, तर तो संघर्ष नसून ८२५० किंवा १६४५० या जुन्या यूएआरटी चिपांचा एका बाइटाचा साठा अपुरा पडणे असते. १६ बाइटांचा साठा असलेली १६५५०ए चिप बसवावी.