बँकरोलचा नियम आला कुठून?

स्लॉट, म्हणजे चाकं फिरवून चित्रं जुळवायचं मशीन, खेळणारा असो की लाइव्ह टेबलवर, म्हणजे समोर खराखुरा माणूस डाव चालवतो तिथे, बसणारा, त्याला एक सल्ला हमखास मिळतो: बँकरोलच्या, म्हणजे खेळायला बाजूला काढलेल्या रकमेच्या, एक-दोन टक्क्यांच्या वर एका डावावर लावायचं नाही. सल्ला हुशार लोकांच्या गणितातून आलाय यात शंका नाही, पण ते गणित स्लॉटसाठी केलेलंच नव्हतं आणि सगळी गडबड तिथेच आहे.

सुरुवात पार 1657 पर्यंत मागे जाते. ख्रिस्तियान हायगेन्स या डच गणितीने एक कोडं छापलं. दोन गडी, प्रत्येकाकडे 12 सोंगट्या, तीन फासे टाकायचे, 14 पडले तर पहिल्याला समोरच्याची एक सोंगटी, 11 पडले तर दुसऱ्याला, आणि एकाच्या सगळ्या संपेपर्यंत खेळत राहायचं. आता 14 येण्याचे प्रकार 15 आणि 11 येण्याचे 27, म्हणजे पहिला गडी थोडा कमजोर. दोघांनी एकेकच सोंगटी घेऊन खेळलं असतं तर निकाली 14 डावांत सरासरी 5 त्याचे, अगदीच वाईट नाही. पण 12-12 घेऊन शेवटपर्यंत बसले तर त्याची संधी साधारण 1,157 ला एक! म्हणजे बघा, फरक तोच, फासे तेच, फक्त पैसा बारीक तुकड्यांत मोडला आणि खेळ लांबला, तर कमजोर गडी जवळजवळ नक्कीच बुडतो. लहान पैज लावली की सेफ, असं समजणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

उलटी पद्धत म्हणजे हरलं की डबल लावायचं, हिला मार्टिंगेल म्हणतात, हीसुद्धा अठराव्या शतकापासूनची जुनी. 100 रुपयांपासून सुरू करून ओळीने 10 वेळा हरलात की 1,02,300 रुपये गेलेले असतात आणि हा सगळा खटाटोप 100 रुपये जिंकायला. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 ला रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकात चेंडू टाकायच्या खेळात, काळा ओळीने 26 वेळा आला, आता तरी लाल येईलच म्हणून लोक रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं ना.

टक्केवारीवालं गणित मात्र 1956 चं, बेल लॅब्स या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांचं. मूळ विषय टेलिफोन लाइनवरून जाणारी माहिती, पण त्यातून निघालं ते असं की तुमच्याकडे समोरच्यापेक्षा सरस अंदाज असेल तर रकमेचा किती हिस्सा लावावा. एकास एक पैसे देणाऱ्या डावात जिंकायची शक्यता 52 टक्के असेल तर 4 टक्के लावा. पुढे एडवर्ड थॉर्प या अमेरिकी गणितीने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजून खरोखर वरचढपणा मिळवला आणि हे सूत्र वापरलं. आता तेच सूत्र एका शून्याच्या रूलेटवर लावून बघा, 37 घरांत लाल 18, शक्यता 48.65 टक्के, उत्तर येतं उणे 2.7 टक्के, म्हणजे लावूच नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण सल्ला देणाऱ्यांनी टक्केवारी तेवढी उचलली आणि "तुमच्याकडे वरचढपणा असेल तर" ही अट रस्त्यातच पडली.

स्लॉटमध्ये तर अंदाज बांधायचीच सोय उरली नाही. जुन्या यांत्रिक मशीनला तीन चाकं, प्रत्येकावर 20 घरं, एकूण 8,000 जुळण्या, बसून मोजता यायच्या. 1984 मध्ये इंगे टेलनेस यांना पेटंट मिळालं, त्यात निकाल कॉम्प्युटरचा रँडम आकडा ठरवतो आणि चाक नुसतं तो दाखवायला फिरतं. चाकावर घरं दिसतात 22, कॉम्प्युटरच्या आतल्या यादीत 64 किंवा त्याहून जास्त, त्यात जॅकपॉटला एखादंच. त्यामुळे जॅकपॉटच्या अगदी वरखाली थांबलेलं चाक बघून "थोडक्यात हुकलं" वाटतं, ते डोळ्यांना.

आपल्याकडे गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलात मशीनला परवानगी मिळाली, 1996 ला बोटीवर टेबल गेम आले, म्हणून डीलर, म्हणजे टेबलवर डाव चालवणारा माणूस, बघायचा तर मांडवीत जायचं. महाराष्ट्राने 1976 ला कॅसिनोचा कायदा केला, लागू कधीच केला नाही आणि 2023 ला रद्द केला. मोबाईलवरचे पैशांचे खेळ, लाइव्ह डीलरसकट, 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंद.

आमचा एक मित्र पणजीला जाताना पैशांची पाच पाकिटं करून नेतो, तासाला एकच फोडायचं, कार्ड आणि फोन हॉटेलच्या खोलीत. मागच्या खेपेला नियम अजिबात न मोडता पहाटे दोनला बाहेर आला, पाचही पाकिटं रिकामी, पण जेवण चांगलं होतं म्हणाला.