काचेच्या कॉकपिटची तालीम जमिनीवर

२००४ च्या सुमारास सेसना आणि डायमंड या कंपन्यांच्या छोट्या विमानांत गार्मिन कंपनीची जी-१००० ही पडद्यांची प्रणाली बसू लागली. वैमानिकासमोरच्या गोल तबकड्या गेल्या आणि दोन मोठे पडदे आले; यालाच काचेचं कॉकपिट म्हणतात. एकावर क्षितिज, वेग, उंची, दिशा. दुसऱ्यावर नकाशा आणि इंजिनाची माहिती. त्यामुळे उड्डाण अधिक सुरक्षित होईल अशीच अपेक्षा होती. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ मध्ये बनलेली आठ हजारांहून अधिक छोटी विमानं अभ्यासून २०१० मध्ये अहवाल दिला, तेव्हा वेगळंच दिसलं. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, जीवघेण्या अपघातांचं प्रमाण मात्र जास्त. नेमक्या त्याच उपकरणाचं प्रशिक्षण द्या आणि त्यासाठी सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवर उड्डाणाचा सराव देणारी यंत्रणा, वापरा, असं मंडळाने सुचवलं.

ही शिफारस मला अगदी पटते, आणि त्याचं कारण ऑटोपायलटमध्ये, म्हणजे विमान आपोआप उडवणाऱ्या यंत्रणेत, दिसतं. वर चढण्यासाठी त्यात दोन पर्याय असतात. ‘व्हीएस’ निवडला की मिनिटाला किती फूट चढायचं ते ठरतं; ‘एफएलसी’ निवडला की वेग ठरतो. १८० अश्वशक्तीच्या सेसना १७२ ला व्हीएसमध्ये मिनिटाला ७०० फुटांचा आकडा द्या. जमिनीजवळ सगळं ठीक चालतं. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पण ऑटोपायलट ७०० सोडत नाही. तो नाक उचलत राहतो आणि वेग उतरत जातो, थेट स्टॉलच्या दिशेने, म्हणजे पंखांना विमान तोलून धरता येत नाही अशा अवस्थेकडे. एफएलसीमध्ये वेग टिकतो, चढण्याचा दर आपोआप कमी होतो. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. सिम्युलेटरवर वेगाची पट्टी सरकताना डोळ्यांनी दिसते, आणि हवं तिथे चित्र थांबवून विचारही करता येतो.

बिघाडांचंही तसंच. क्षितिजाची माहिती एका सेन्सर-संचाकडून येते, वेग आणि उंची दुसऱ्या संगणकाकडून. पहिला बंद पडला की क्षितिजावर लाल फुली उमटते, पण वेग आणि उंची शाबूत असतात. पडदाच विझला तर लाल बटण दाबून सगळी माहिती दुसऱ्या पडद्यावर आणता येते. काय गेलं आणि काय उरलं, हे काही क्षणांत ओळखावं लागतं. हवेत असताना हे भाग मुद्दाम बंद पाडणं शहाणपणाचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये ते कितीही वेळा करावं.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर डायमंड डीए-४० उडवायला शिकणाऱ्या मुलामुलींना हे पडदे सुरुवातीपासूनच हाताळावे लागतात. अशा विद्यार्थ्याकडे एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर यांसारखं घरच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर असेल, तर बटणांचा क्रम शोधण्यात इंधनाचे पैसे जळत नाहीत.

मात्र घरच्या संगणकावरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. माउसने फिरवलेला नॉब आणि हेलकावे खाणाऱ्या विमानात बोटांनी फिरवायचा दुहेरी नॉब यांत मोठा फरक आहे. ढगात कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय फसतं, तेही खुर्चीत बसून कळत नाही. म्हणून घरच्या सरावानंतर उभ्या विमानाला बाहेरून वीज जोडून खऱ्या पडद्यांवर तीच कामं पुन्हा करावीत, आणि मग प्रशिक्षकासोबत वर जावं.