120 मिनिटं: आकडा आला कुठून

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या सकाळच्या फेऱ्यांना हल्ली ‘आठवड्याला 120 मिनिटां’चं माप लावलं जातं: तब्येतीसाठी आठवड्यातून एवढा वेळ निसर्गात काढावा, असं. विश्वामित्रीकाठची ही बाग 1879 सालची. महाराज सयाजीराव तेव्हा अल्पवयीन, कारभार दिवाणांच्या हाती. शतपावली आणि कार्तिकातलं आवळीभोजन त्याहून कितीतरी जुनं. तिथे घड्याळ कुणी लावलं नव्हतं.

‘वनस्नान’ हा मात्र अलीकडचा शब्द, आणि तोही फसवा. मूळ जपानी ‘शिनरिन-योकू’ 1982 साली तिथल्या सरकारी वनखात्यात घडवला गेला. ऊन अंगावर घेतात तसं रान अंगावर घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. अंघोळीचा संबंध नाही. रक्ताच्या तपासण्या पुढे वीसेक वर्षांनी आल्या. डझनभर पुरुष तीन दिवस रानात राहिले आणि त्यांच्यातल्या विषाणूंशी लढणाऱ्या पेशींची क्रिया वाढलेली दिसली. श्रेय सुगी-हिनोकीसारख्या सूचिपर्णी झाडांच्या सुगंधी द्रव्यांना देण्यात आलं. तोच हिशेब आपल्या वडा-कडुलिंबाखाली मांडणं घाईचं आहे.

120 चा आकडा 2019 च्या पाहणीतला, इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार प्रौढांचा. संशोधकांनी निसर्गात गेलेला वेळ तासातासाच्या गटांत विभागला: शून्य, एक तासाच्या आत, एक ते दोन, दोन ते तीन, असा. आरोग्य चांगलं असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण दोन तासांच्या गटापासून ठळक वाढलेलं दिसलं. म्हणजे 120 हा एका गटाचा खालचा काठ आहे, शरीरातली मर्यादारेषा नव्हे. गट पाऊण तासाचे पाडले असते, तर काठही सरकला असता. त्यात वेळ घड्याळ लावून मोजलेला नव्हता: आठवड्यातली एकच भेट निवडून तिची मिनिटं भेटींच्या संख्येने गुणली होती. शिवाय पाहणी एकाच वेळची. बागेत गेल्याने तब्येत सुधारली, की तब्येत बरी म्हणून माणसं बागेत गेली, हे तीवरून ठरत नाही. 200 ते 300 मिनिटांनंतर फायदा वाढताना दिसला नाही, ही ओळ मात्र फारशी कुणी पुढे पाठवत नाही.

वेळ एकदम काढला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे कामाचं: रविवारी उन्हात दोन तास काढण्यापेक्षा रोज सकाळी 17-18 मिनिटं बरी. स्कूटर लावण्यात आणि चहाच्या टपरीवर गेलेली मिनिटं त्यात धरू नयेत. आणि घरची बाग त्या पाहणीत मोजलीच नव्हती, तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालण्यात गेलेला अर्धा तास या हिशेबात शून्य.