कमरेचा बांध

दिवाळीच्या आसपास पाऊस पुरता ओसरला, की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वाड्यावाड्यांतली मुलं मैदानात उतरतात. जूनपासून तिथे चिखल असतो. चार महिने कुणी पळत येऊन चेंडू टाकलेला नसतो. आणि पहिल्याच रविवारी गावातला सर्वांत वेगवान मुलगा दहा-बारा ओव्हर टाकून मोकळा होतो. आठवडाभर सराव, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तीन-चार आठवड्यांनी तो कमरेवर हात ठेवून उभा दिसतो. "चमक भरली असेल, तेल चोळ," घरचे सांगतात. मला त्या वेळी खाजनाचा बांध आठवतो.

खाऱ्या पाण्यापासून भातशेत राखणारा तो चिखलाचा बांध दिवसातून दोन भरत्या अंगावर घेतो. तो फुटतो तेव्हा दोष भरतीला जातो, पण सुरुवात खेकड्याच्या भोकापासून झालेली असते. भोकं पडतच राहतात. दोन भरत्यांच्या मध्ये ती बुजवली, तर बांध पिढ्यान् पिढ्या टिकतो.

वेगवान गोलंदाजाच्या हाडांचं असंच आहे. चेंडू सुटण्याआधी पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर उलटा वर येतो. पंच्याहत्तर किलोच्या बॉलरसाठी हा आकडा 375 ते 600 किलोंच्या वजनाइतका, म्हणजे तांदळाची पन्नास किलोंची साडेसात ते बारा पोती. नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे वाकते, एका बाजूला कलते आणि पिळली जाते. या तिन्ही हालचालींचा ताण मणक्याच्या मागच्या कमानीतल्या एका अरुंद पट्टीवर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डावीकडे दुखतं, ते यामुळेच. कसोटीत चाळीस ओव्हर टाकल्या, म्हणजे हा प्रकार 240 वेळा झाला.

प्रत्येक वेळी हाडात सूक्ष्म तडे जाऊ शकतात, आणि शरीर ते दुरुस्त करतं. पण दुरुस्तीची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी काही पेशी तडा गेलेला भाग खरवडून काढतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात, त्याला काही महिने. मधल्या काळात तिथे खळगा असतो आणि हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं! स्नायू दमले की कळतं. या खळग्याची मात्र काहीच चाहूल लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं, की एका सामन्यात पन्नासहून जास्त ओव्हर टाकलेल्या वेगवान गोलंदाजांना पुढचे 21 दिवस दुखापतीचा धोका वाढलेला होता. आमच्या मुलांची कंबर पहिल्या रविवारी न दुखता महिन्याभराने का दुखते, याचा एक उलगडा मला यात दिसतो.

वयाचाही हिशेब आहे. कमरेचे मणके पंचविशीपर्यंत पक्के होत राहतात. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने 2011 मध्ये जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी पहिल्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात सहा बळी घेतले आणि पुढची कसोटी तो 2017 मध्ये रांचीला खेळला. मधल्या वर्षांत पाठीच्या दुखापतींनी त्याला पुनःपुन्हा थांबवलं. पुढे त्याने तीनशे बळींचा टप्पा ओलांडला, तरी 2025 मध्ये तीच कंबर पुन्हा आडवी आली. बुमराहच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

उलट इंग्लंडचा जेम्स अँडरसन 188 कसोटी खेळला, चाळीस हजारांवर चेंडू टाकले आणि 704 बळींतले चारशेहून जास्त तिशीनंतर घेतले. त्यालाही 2006 मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला तडा, झालं होतं, तेही प्रशिक्षकांनी त्याची शैली बदलायला घेतल्यानंतर. तो आपल्या मूळ शैलीकडे परतला. 2015 नंतर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामनेही खेळला नाही. कपिल देव तर 131 कसोटी खेळले आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. त्यांची बाजूवरून वळणारी सहज शैली मी आजही मुलांना दाखवतो. खांदे आणि कंबर वेगवेगळ्या दिशांना पिळणारी मिश्र शैली कमरेला जास्त धोक्याची मानली जाते, हे मात्र प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं.

आणखी एक. एका पायावर उभं राहून मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला दुखलं, तर तेल बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या काळात एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ दिसतो. एमआरआयमध्ये मात्र तडा पडण्याआधीची सूजही दिसते. इतक्या लवकर कळलं, तर मोसम वाया जाण्याचं टळू शकतं. पूर्ण तडा गेल्यावर कित्येक महिने चेंडू टाकायचा नाही.

विश्रांतीने हाड निरोगी राहतं, असं समजून पावसाचे चार महिने मुलांना नुसतं बसवणं मला पटत नाही. भार थांबला की हाडाची मजबुतीही उतरते. म्हणून शेजारच्या मुलाला मी ऑगस्टपासूनच शाळेच्या शेडखाली उभा करतो. छोटा रनअप, पहिल्या आठवड्यात चोवीस चेंडू, दोन दिवसांआड. पुढच्या आठवड्यात तीस. वहीत रोज आकडा लिहायचा. त्याला ते फारच कमी वाटतं. "काका, अजून एक ओव्हर," तो दर वेळी म्हणतो, आणि मी वही मिटतो.