पार्श्वभूमी : मल्लखांब जिम्नॅस्टिक्सपासून वेगळा कसा झाला?

बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या स्तंभाचा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या कुस्तीशिक्षकाने ही विद्या नव्याने उभी केली, ती कथा आखाड्यातल्या प्रत्येक पोराला पाठ असते. 1936 साली अमरावतीच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिकं केली. पण मल्लखांबाचं आजचं रूप ठरलं ते त्यानंतर, 1958 ते 1981 या काळात.

1958 साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब पहिल्यांदा आला. 1962 साली ग्वाल्हेरला त्याची रीतसर स्पर्धा झाली. 1976 नंतर मात्र आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये तो नाही म्हणून जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघटनेने तो वगळला आणि 1981 साली उज्जैनला स्वतंत्र स्पर्धा भरेपर्यंत राष्ट्रीय पातळीवर मैदानच उरलं नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकीच असतात. त्यातली चार अशी गेली.

जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय साधनांत पुरलेला खांब नाही, हे खरंच. पण म्हणून खेळ कमअस्सल ठरत नाही. बारवर सगळी मदार हातांच्या पकडीवर. मल्लखांबावर अढी, म्हणजे पायांचा विळखा, घेताना डोकं खाली, पाय वर आणि एरंडेल चोळलेला खांब मांड्यांच्या पकडीत, हात मोकळे. कुस्तीगिराला हवी तीच ही पकड, आणि ती मोजायला जिम्नॅस्टिक्सचे गुण पुरे पडत नाहीत. वेगळं होणं अटळ होतं असं माझं मत आहे. ते ज्या तऱ्हेने झालं, ती तऱ्हा चुकीची होती.

नावाचाही गुंता आहेच. पुरलेल्या खांबाला अंग, मान आणि वर बोंड असतं. टांगता मल्लखांब साखळीला लोंबतो. दोरीच्या मल्लखांबात तर खांबच नाही. पूर्वी तिथे वेत असे, त्याची जागा सुती दोरीने घेतली. तरी नाव तेच राहिलं, कारण अढी तीच. दोरी म्हणजे 'मुलींचा मल्लखांब' ही समजूत मात्र खेळाला जाचली आहे. दोरीवर आधार हलता असतो, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात ती धरून वर चढावं लागतं. ते कुठल्याच अर्थाने सोपं नाही.

2013 साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळ केलं. 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2022 साली गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तो पदकांसाठी खेळला गेला, जिम्नॅस्टिक्सपासून स्वतंत्र, स्वतःच्या नावाने.