थोरल्याला दोन वाटे: जुन्या अमेरिकेतली शेतीची वाटणी

मृत्युपत्र न करता बाप गेला, तर जमीन थोरल्या मुलाची. केंटसारखे काही भाग सोडले तर इंग्लंडचा कायदा हा असा होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत येऊन राहिलेल्या प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट मंडळींनी मात्र इंग्लंडपेक्षा बायबल जवळचं मानलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात थोरल्याला दुप्पट वाटा सांगितलाय, तोच १६४१ साली तिथल्या कायद्यात आला. तीन मुलं असतील तर मालमत्तेचे चार भाग करायचे आणि त्यांतले दोन थोरल्या मुलाला द्यायचे.

कागदावर मुलीही हिस्सेदार होत्या. प्रत्यक्षात जमीन मुलांकडे जायची आणि मुलींच्या वाट्याला यायची गाय, पिसांची गादी, चादरी, कथलाची ताटं, लोखंडी हंडा. यातलं जे लग्नात दिलं असेल ते बाप गेल्यावर तिच्या हिश्शातून वजा होई.

तरीही फक्त कायदा वाचून हा व्यवहार कळत नाही. खरी वाटणी बाप जिवंत असतानाच सुरू व्हायची, किंवा अडायची. मॅसॅच्युसेट्समधल्या, १६४६ साली गाव म्हणून मान्यता मिळालेल्या अँडोव्हरमध्ये पहिल्या पिढीकडे जमीन भरपूर होती. लग्न झालेल्या मुलाला बाप शेत कसायला देई, घर बांधू देई, पण खरेदीखत करून देत नसे. बरेचदा बाप गेल्यावरच जमीन मुलाच्या नावावर होई. तोवर त्याने बापाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. नातवंडं-पतवंडं आली तशी जमीन पुरेना. मग एकाने घरची शेती ठेवायची, भावंडांना त्यांच्या हिश्शाचे पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे आणि बाकीच्यांनी नवी जमीन शोधायची, अशी तोड निघाली. कोर्टही शेताचे निरुपयोगी तुकडे करण्यापेक्षा हाच मार्ग पसंत करी.

विधवेची वाटणी मात्र सगळ्यांत बारकाईने व्हायची. घर-जमिनीचा तिसरा हिस्सा तिला हयातीपुरता मिळे. ती तो वापरू शके, पण कायमचा विकू शकत नसे. कोर्टाने नेमलेले शेजारपाजारचे पंच घरात येऊन मोजणी करत. पूर्वेकडची खोली तिची, तळघर अर्धं, विहिरीपर्यंत जायची वाट, स्वयंपाकघरातल्या भट्टीत पाव भाजण्याची मुभा. नवऱ्याने मृत्युपत्र केलं असेल तर त्यात मुलाला बजावलेलं असे की आईला वर्षाला इतकी लाकडं फोडून दारात आणून द्यायची, इतका मका द्यायचा, तिची गाय उन्हाळा-हिवाळा सांभाळायची. तिने पुन्हा लग्न केलं की यातलं बरंचसं बंद. ज्या घरात तिने संसार केला, तिथे भट्टी वापरायचा हक्कही लिहून घ्यावा लागावा, यावरून सून-सासूचं किती जमत असेल याचा अंदाज येतो.

दक्षिणेत व्हर्जिनियात इंग्लंडचाच रिवाज टिकला. शिवाय तिथे वाटणीत माणसंही होती. १७०५च्या कायद्याने गुलामांना वारसाहक्कापुरतं स्थावर मालमत्तेत धरलं. १७७३ साली सासरे वारल्यावर थॉमस जेफरसनच्या घरी पत्नीच्या वारशातून जमीन आणि कर्ज यांच्याबरोबर १३५ गुलाम आले. याच जेफरसनने १७७६ साली, जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकाच वंशात बांधून ठेवणारी पद्धत मोडली. पुढे सगळं थोरल्यालाच देण्याचा नियम रद्द करताना व्हर्जिनियातले पुढारी एडमंड पेंडलटन म्हणाले, निदान दुप्पट वाटा तरी ठेवा. जेफरसनचं उत्तर त्याच्या आत्मचरित्रात आहे: थोरला दुप्पट खात असेल किंवा दुप्पट काम करत असेल तर जरूर द्या. व्हर्जिनियाने १७८५ साली मुलामुलींना समान वाटे देणारा कायदा केला. खुद्द मॅसॅच्युसेट्सनेही १७८९ साली थोरल्याचा जादा वाटा काढला.

१७८७च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात ओहायो नदीपलीकडच्या मुलखासाठी हेच तत्त्व आलं: मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलांना सारखे वाटे, विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता. धाकट्यांच्या जमिनीची सोयही याच बाजूला झाली, पण तो मुलूख रिकामा नव्हता. तिथल्या शॉनी, मायामी वगैरे मूळ अमेरिकन जमातींकडून तो लढाया आणि तहांनी घेतला गेला.

मुलींना सारखा वाटा मिळाला, पण लग्न झालं की रोकड आणि गुरं नवऱ्याची, आणि जमिनीचा कारभारही त्याच्याच हातात. ते बदलायला १८३९ साली मिसिसिपीत आणि १८४८ साली न्यूयॉर्कमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे वेगळे कायदे करावे लागले.